विहिरीचं पाणी दरवर्षी बिघडतं? फिल्टर घ्यायच्या आधी महिना बघा

मी मोटर-पाइपलाइनची कामं करतो, गुहागर-दापोली पट्ट्यात. वर्षभर जे फोन येतात त्यातले बरेचसे मोटरचे आणि उरलेले पाण्याचे, आणि पाण्याचा फोन आला की कॅलेंडर न बघता महिना सांगता येतो. शिमगा झाला की "पाणी मचूळ लागतंय ओ". मे संपत आला की "वास येतोय, कपडे पिवळे पडतायत". मृग लागून आठवडा झाला की "घरात सगळ्यांची पोटं बिघडलीत, पाणी तर काचेसारखं दिसतंय". आणि गणपतीत चाकरमानी उतरले की परत तेच, फक्त यावेळी फोन मुंबईच्या नंबरवरून.

आता हे तीन वेगळे आजार आहेत. विहीर तीच, घर तेच, म्हणून लोकांना वाटतं प्रॉब्लेम एकच आहे आणि तो जात नाही. मग गेल्या उन्हाळ्यात खारटपणासाठी बसवलेल्या मशीनकडून जूनमधले जुलाब थांबायची अपेक्षा करतात, किंवा जूनमध्ये पंचायतीकडून आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, एप्रिलमध्ये मचूळ पाण्यात टाकतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. फरक पडणारच नाही, ब्लीचिंगने मीठ कसं जाईल. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की कधीपासून, कुठल्या महिन्यात, आणि मागच्या वर्षी याच सुमारास झालं होतं का. चवीचं, रंगाचं नंतर.

टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते मोजणाऱ्या मीटरबद्दल आधीच बोलून घेतो कारण हल्ली प्रत्येक घरात तो पेनासारखा मीटर आहे आणि तो १२० दाखवतोय म्हणजे पाणी एक नंबर असं लोक ठरवून टाकतात. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो, बस. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही, सेप्टिकचं पाणी थोडं झिरपलं तर आकडा जेमतेम हलतो. आपल्या जांभ्याच्या कातळातलं पाणी मुळात इतकं हलकं की टीडीएस शंभरच्या आसपास असणं नवल नाही. त्यात जूनमध्ये विहिरीत पावसाचं पाणी उतरलं की आकडा अजून खाली येतो. म्हणजे मीटरवर वर्षातलं सगळ्यात छान रीडिंग आणि विहिरीत वर्षातलं सगळ्यात घाण पाणी हे एकाच आठवड्यात येतं. मीटर फेकून देऊ नका, खारटपणा शोधायला त्याच्यासारखं स्वस्त हत्यार नाही, पण पाणी पिण्यालायक आहे का हे त्याला विचारू नका.

आणि ते दोन सळ्यांचं मशीन. आमच्या शेजारच्या वहिनींकडे एक विक्रेता आला होता, त्याने एका ग्लासात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात आपल्या मशीनचं पाणी घेतलं, त्यात सळ्या बुडवून करंट दिला, विहिरीच्या ग्लासात मिनिटभरात हिरवट-काळा चिखल तयार. वहिनी घाबरल्या, मला हाक मारली. मी म्हटलं, "वहिनी, मिठाची बरणी आणा." त्याच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि त्याला म्हटलं आता परत लाव. तसाच चिखल. तो चिखल पाण्यातला नसतोच, सळईचं लोखंड विरघळून बाहेर येतं, आणि त्यासाठी पाण्यात थोडे क्षार लागतात म्हणजे वीज वाहते. मशीनच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून ते स्वच्छ राहतं. "भाऊजी, मग हा इतका वेळ काय दाखवत होता?" असं वहिनींनी त्याच्यासमोरच विचारलं. तो चहा न घेता गेला.

फेब्रुवारी ते मे : मचूळ, खारट

समुद्राच्या किंवा खाडीच्या कडेला, पुळणीतल्या आगरातल्या विहिरींचं हे दुखणं. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं, कारण गोडं पाणी थोडं हलकं. याचा एक जुना हिशेब आहे, घायबेन आणि हर्झबर्ग अशा दोघांच्या नावाने ओळखतात, की समुद्रपातळीच्या वर जेवढं गोडं पाणी उभं असेल त्याच्या साधारण ४० पट जाडीचा थर खाली असतो. ऐकायला छान वाटतं पण उलटं करून बघा, उपसून उपसून पातळी एक फूट कायमची उतरवली तर खालचं खारं पाणी हिशेबाने ४० फूट वर यायला मोकळं. पाऊस ३००० मिलिमीटर पडतो हे खरं, पण जांभा आणि वाळू दोन्ही पाणी धरत नाहीत, दिवाळीपर्यंत बरंचसं समुद्राला मिळालेलं असतं.

किती थोडं पुरतं तेही बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर कळशा गोड्या पाण्यात एक कळशी समुद्राची मिसळली तर टीडीएस ३५० ने चढला. म्हणजे विहीर "बिघडली" म्हणजे समुद्र आत घुसला असं काही नाही, शंभरात एक-दोन कळशांचाच खेळ आहे, आणि म्हणूनच तो बऱ्याचदा परतवता येतो.

शोधायचं कसं. सकाळी मोटर लावायच्या आधी कळशीने पाणी काढून रीडिंग घ्या. मग मोटर लावा आणि अर्ध्या तासाने पाइपच्या तोंडाशी परत घ्या. आकडा चढत गेला, समजा ४०० चे ७०० झाले, तर वरचं पाणी अजून गोडं आहे आणि तुमची मोटर खालून खारं ओढतेय. दोन्ही वेळा सारखाच मोठा आकडा आला तर सगळी विहीरच मचूळ झालीय. अजून नक्की करायचं तर एका बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी बांधा, बाटली तळापर्यंत सोडा आणि तिथे बूच ओढा, बुडबुडे थांबले की वर घ्या. तळाचं आणि वरचं पाणी वेगवेगळं मोजा, दोन ग्लासात ठेवून चव घेतली तरी फरक कळतो (पावसाळ्यात ही चव घेण्याची हौस करू नका). खाडीकाठी असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या वेळी एकदा आणि ओहोटीला एकदा मोजा. पातळी आणि आकडा दोन्ही भरतीबरोबर हलत असतील तर विहिरीचं खाडीशी नातं आहे, वेगळा पुरावा नको.

एक गोष्ट मात्र इथे चुकते. खारट म्हणजे समुद्रच असं नाही. सेप्टिक टँक किंवा गोठ्याचं मुताचं पाणी झिरपलं तरी क्लोराइड चढतं. समुद्र लांब आहे, विहीर उंचावर आहे, तरी पाणी थोडं खारट झालं तर लॅबमधून क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही तपासून घ्या. नुसतं क्लोराइड वाढलं तर संशय खाडीवर, दोन्ही वाढली तर संशय मागच्या संडासावर. नायट्रेटला आपल्या मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि तिला सूट नाही, घरात तान्हं बाळ असेल आणि नायट्रेट जास्त असेल तर ते पाणी उकळूनही बाळाला देऊ नका, उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, उलट पाणी आटून जास्त दाट होतं.

उपाय सांगतो पण लोकांना तो आवडत नाही कारण त्यात काही विकत घ्यायचं नसतं. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची झडप, वर घ्या, जितकं पाणी सोडत नाही तितकं वर. मोठी मोटर असेल तर लहान लावा आणि एकदम टाकी भरण्याऐवजी थोडं थोडं करून दिवसातून चार वेळा उपसा, मध्ये विहिरीला सावरू द्या. आगराचं शिंपण आणि घरचं पाणी एकाच विहिरीवर असेल तर शिंपण ठिबकवर न्या, माड थोडा खारेपणा सहन करतो, सुपारी नाही. आणि विहीर खोल करू नका. हे मोठ्याने सांगतो कारण दर मे महिन्यात कोणी ना कोणी तळ फोडायला गडी बोलावतं, किंवा विहिरीशेजारी बोअर मारतं. किनाऱ्याला खाली जाणं म्हणजे खाऱ्या पाण्याला आमंत्रण. शेजारच्या प्लॉटमध्ये रिसॉर्टचा बोअर दिवसभर चालू असेल तर तुमच्या एकट्याच्या शहाणपणाने भागणार नाही हेही खरं, तिथे वाडीने बसून उपशाच्या वेळा ठरवाव्या लागतात, ते काम पाइप जोडण्यापेक्षा कठीण आहे.

आरओ? सगळी विहीर मचूळ झाली असेल आणि प्यायला दुसरं काही नसेल तर प्यायच्या पाण्यापुरता घ्या, पण घरगुती आरओ जितकं पाणी देतो तितकं किंवा त्याहून जास्त फेकतो, ते फेकलेलंही त्याच विहिरीतून उपसलेलं असतं, म्हणजे खारटपणावरचा उपाय खारटपणा वाढवतो. फेकलेलं पाणी निदान भांड्यांना वापरा. आणि टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओची गरजच नाही. खरा उपाय पावसाळ्यात करायचा असतो, छपराचं पाणी गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवणं. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे कागदावर तीन लाख लिटर होतात, त्यातलं निम्मं मुरलं तरी मार्चमध्ये फरक जाणवतो. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं, कौलांवर वर्षभराचं शेवाळ, पाखरांची घाण आणि पातेरा असतो.

मे अखेर : तांबडं पाणी, तवंग, वास

हे वर कातळावरच्या विहिरींचं आणि बोअरचं. जांभा लाल दिसतो तोच मुळी लोखंडामुळे. खालच्या पाण्यात हवा नसते तेव्हा लोखंड विरघळून असतं, पाणी एकदम स्वच्छ दिसतं, वर आल्यावर हवा लागली की तांबूस होतं. तपासायला दोन काचेच्या बाटल्या पुरतात. एक गच्च भरून बूच लावा, दुसरी अर्धी भरून उघडी ठेवा, सकाळी बघा. उघडी तांबडी आणि बंद स्वच्छ, तर विरघळलेलं लोखंड. काढतानाच तांबडं असेल आणि तळाला बसत असेल तर माती, किंवा आधीच गंजून सुटलेलं लोखंड. अजून एक घरगुती खूण, पेरूचा कोवळा पाला चुरडून त्या पाण्यात टाका, पाणी काळं-जांभळं झालं तर लोखंड आहे. चहा नेहमीपेक्षा काळा होतो तोही याच कारणाने, चहा पावडर बदलून उपयोग नाही.

पण त्याआधी पाइप बघा. सकाळी नळ सोडला की पहिली बादली तांबडी आणि नंतर स्वच्छ येतं, विहिरीतून कळशीने काढलेलं कायम स्वच्छ, तर दोष पाण्याचा नाही, जुन्या जीआय पाइपाचा आहे. आपलं पाणी थोडं आंबट असतं, पीएच साडेसहाच्या खाली असू शकतो, ते लोखंडी पाइप खातं. पाइप बदला, संपलं. असे कितीतरी "फिल्टर लावून द्या" म्हणणारे फोन मी पाइप बदलून मिटवलेत.

विहिरीच्या पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसतो तेव्हा लोक मोटरचं ऑइल गळलं म्हणून मला बोलावतात. काठीने टोचून बघा. काचेसारखा तडकून तुकडे वेगळे राहिले तर ते लोखंडाचे जिवाणू, त्रासदायक असतात पण विषारी नसतात. तवंग परत एकमेकांना मिळाला तर ते खरंच तेल, मग मला बोलवा.

लोखंड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत मानकात चालतं, त्याच्या वर तब्येतीपेक्षा चव, डाग आणि जाम होणाऱ्या नळांचा त्रास जास्त. उपायाला महागडी मशीन लागत नाही. पाणी टाकीत सोडताना भोकं पाडलेल्या पाइपातून शॉवरसारखं उंचावरून पाडा, खाली वाळूचा थर ठेवा, गाळ वाळूवर अडकतो, ती वाळू धूत राहा. धुवायचा कंटाळा केला की महिन्याभरात तीच वाळू लोखंड परत सोडते.

आणि हे लक्षात ठेवा, लोखंडाच्या पाण्यात टीसीएल टाकली की पाणी लगेच तांबडं होतं. लोक म्हणतात पावडर खराब आहे, पंचायतीला शिव्या घालतात. पावडरने फक्त लपलेलं लोखंड बाहेर काढलं, पण या भानगडीत क्लोरीन संपून गेलं आणि जंतूंसाठी काही उरलं नाही, म्हणून अशा विहिरीला डोस वाढवावा लागतो.

कुजक्या अंड्याचा वास फक्त गिझरच्या गरम पाण्याला येत असेल तर गिझरच्या आतला रॉड बघा. गार पाण्यालाही येत असेल तर विहिरीच्या तळाचा गाळ, कुजलेला पातेरा, वरून घट्ट झाकलेली विहीर. पावसाच्या आधी गाळ काढा, पण कोणालाही एकटं उतरवू नका आणि विहिरीच्या आत डिझेल इंजिन लावून तर अजिबात उतरवू नका, आत साचलेल्या गॅसचा अंदाज येत नाही आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

जून-जुलै : दिसायला स्वच्छ, आतून घाण

खारट आणि तांबडं पाणी तुम्हाला स्वतःहून सांगतं. हे सांगत नाही, म्हणून माणसं आजारी पडतात ती इथे.

विहिरीची वरची आठ-दहा फूट बांधणी जांभ्याच्या चिऱ्याची, बऱ्याचदा सांध्यात सिमेंट नसलेली. उन्हाळाभर तिच्या आजूबाजूला कोंबड्या, कुत्री, गोठा, भांडी घासायची मोरी. मग पहिला धो धो पाऊस येतो आणि सगळं धुऊन चिऱ्यांच्या फटीतून आत. खेकड्यांची बिळं तर थेट पाइपलाइनचंच काम करतात, कठड्याबाहेर बादलीभर पाणी ओता आणि विहिरीत डोकावून कान द्या, आत पाझर किंवा टपटप सुरू झाली तर कुठून येतं ते समोरच दिसतं. सेप्टिकपासून विहीर निदान ५० फूट लांब हवी म्हणतात, पण जांभ्यात पोकळ्या असतात, त्यामुळे ५० फुटांवर गाफील राहू नका, सेप्टिक उताराच्या वरच्या बाजूला असेल तर अजून लांब हवा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा शोषखड्डा आणि विहीर यांचं पाणी एकाच पातळीला येतं हे कोणी सांगत नाही.

तपासायला एचटूएस बाटली घ्या, पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळी पडते ती, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारा. ही पद्धत १९८२ साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी मांडली आणि मला वाटतं एवढं साधं आणि कामाचं दुसरं काही नाही. खुणेपर्यंत पाणी भरायचं, आत बोट घालायचं नाही, झाकण लावून घरात उबेला ठेवायची, फ्रिजमध्ये नाही. २४ ते ४८ तासात काळी पडली तर पाण्यात मैला मिसळल्याचा संशय पक्का धरायचा आणि उकळल्याशिवाय थेंबही प्यायचा नाही. नमुना टीसीएल टाकायच्या आधी घ्या, क्लोरीन असलेल्या पाण्यात बाटली काळी होत नाही आणि उगाच खूश व्हाल. आणि ज्या विहिरीला आधीच अंड्याचा वास आहे तिथे बाटली भरल्याभरल्या काळी झाली तर तो त्या वासाचाच परिणाम असू शकतो, तिथे लॅबकडेच जा.

आता टीसीएल. "आम्ही दर वर्षी टाकतो तरी होतं" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. किती टाकता विचारलं की उत्तर "मूठभर". मे महिन्यात विहिरीत आठ फूट पाणी होतं तेव्हा मूठभर आणि जुलैत वीस फूट झालं तेव्हाही मूठभर. हिशेब असा करा, विहिरीचा व्यास फुटात घ्या, व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, आलेले लिटर. दहा फूट व्यास, आठ फूट पाणी म्हणजे १७,६०० लिटर. वीस फूट पाणी म्हणजे ४४,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरली तर पहिल्याला ८८ ग्रॅम आणि दुसऱ्याला २२० ग्रॅम. हा हिशेब चांगल्या पावडरचा, जिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. कोकणातल्या हवेत उघड्या पिशवीत ठेवलेली पावडर लवकर मरते, ओली गोळा झालेली आणि नाकाला न झोंबणारी पावडर म्हणजे नुसता चुना, ती टाकून मनाचं समाधान होतं एवढंच.

कोरडी पावडर विहिरीत भुरभुरवू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या आणि चुना फेकून द्या, विहिरीत नाही. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे मोठ्या विहिरीला दोन-तीन बादल्या. ती निवळची बादली दोरीने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली हिसडे द्या म्हणजे सगळीकडे मिसळेल. हे रात्री करा, शेवटचं पाणी भरून झाल्यावर, म्हणजे निदान तासभर कोणी उपसणार नाही. तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे क्लोरीन उरलंय का ते बघायची थेंबांची टेस्ट, थेंब टाकले की लगेच पिवळा रंग यायला हवा, किटमधल्या रंग जुळवायच्या कंपॅरेटरवर लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन जुळलं तर झालं. नाही जुळलं तर परत टाका, याचा अर्थ पाण्यातल्या घाणीने सगळं खाल्लं. पाणी गढूळ असताना टाकलेली टीसीएल गाळावरच खर्च होते, म्हणून घरातलं गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या आणि मग मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं पातळ औषध, बाटलीवर लिहिलंय त्या मापाने टाका. नुसत्या तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू मरत नाहीत. शंका असेल तेव्हा उकळा, खळखळून एक मिनिट पुरतं.

गप्पी मासे सोडले असतील तर मापातल्या डोसनेही ते मरू शकतात.

टीसीएल पावसाळाभर टाकत राहावी लागते, एकदा टाकून गणपतीपर्यंत निवांत बसायचं काम नाही. कायमचा उपाय उन्हाळ्यातल्या गवंडीकामात आहे. वरच्या दहा फुटांचे सांधे आतून सिमेंटने भरा, कठडा कमरेएवढा उंच करा, भोवती तीन-चार फूट रुंद ओटा बाहेर उतार देऊन घाला, आणि ओट्याचं पाणी पन्हळीने लांब न्या. जिथे हे झालंय तिथून मला जूनचे फोन बंद झालेत, त्यांचे आता फक्त मोटरचे येतात.

पूर आला तर गोष्ट वेगळी. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तसं विहिरीवरून पाणी गेलं असेल तर घाईने सगळी विहीर उपसू नका, बाहेरची जमीन भिजून जड असते आणि आतलं पाणी काढलं की बांधणी आत कोसळते. पूर उतरू द्या, थोडं थोडं उपसा, गाळ काढा, जादा टीसीएल टाका, आणि लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी फक्त संडासाला.

लॅबला पाठवताना

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, काही तालुक्यांतही आहेत. पंचायतीत फील्ड टेस्ट किटही असतं, जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना ते वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे, तर आपल्या गावात त्या कोण हे विचारा. ग्रामपंचायतीला मिळालेलं हिरवं कार्ड मात्र सार्वजनिक पाण्याचं असतं, तुमच्या परसातल्या विहिरीशी त्याचा संबंध नाही.

केमिकल तपासणीला प्लास्टिकची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून गच्च भरायची. जंतूंच्या तपासणीला लॅबनेच दिलेली निर्जंतुक बाटली, ती विसळायची नाही, झाकणाला आतून हात लावायचा नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. लोक शनिवारी भरतात, सोमवारी एसटीने पाठवतात आणि रिपोर्टला नावं ठेवतात. नमुना दोनदा हवा, मे अखेरीस क्लोराइडसाठी आणि पहिल्या दमदार पावसानंतर जंतूंसाठी, कारण डिसेंबरात तपासलेली विहीर बऱ्याचदा पास होते.

रिपोर्टवर मर्यादेचे दोन आकडे असतात त्याने गोंधळ होतो. टीडीएसला ५०० आणि २०००, क्लोराइडला २५० आणि १०००. पहिला आकडा हवा तो, दुसरा म्हणजे दुसरं पाणीच नसेल तर इथपर्यंत चालवून घ्या. दोघांच्या मध्ये आलात तर घाबरायचं कारण नाही, पण घरात बीपीचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर तो कागद डॉक्टरला दाखवा. ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, त्यांच्या ओळीला मात्र दोन आकडे नाहीत, १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

शेवटचं चाकरमान्यांसाठी. गणपतीत जी पोटं बिघडतात त्यात विहिरीचा दोष नेहमी नसतो. घर मे नंतर बंद, छपरावरची टाकी अर्धी भरलेली, झाकण वाऱ्याने सरकलेलं, आत बेडूक नाहीतर पालीचं पिल्लू. म्हणून नमुना दोन ठिकाणचा घ्या, एक थेट विहिरीतून आणि एक स्वयंपाकघरातल्या नळातून. विहीर पास आणि नळ नापास तर टाकी रिकामी करून घासा, परत भरा, हजार लिटरला दीडशे ग्रॅम टीसीएलची निवळ टाका, सगळे नळ एकदा वास येईपर्यंत सोडून बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सगळं सोडून द्या, पण माडाच्या आळ्यात नको आणि विहिरीच्या बाजूला तर नकोच. मग एकदा साध्या पाण्याने धुवून भरा. हे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी करायला घेऊ नका, दोन दिवस हाताशी ठेवा, कारण टाकी घासायला वर चढल्यावर बॉल कॉकही गेलेला सापडतो.